विजापूर रोडचं मावशींचं मासळीचं दुकान: नुसता कटला-रोहू नको असेल तर इथं जा

सोलापुरात चांगली मासळी कुठं मिळते असं ओळखीतलं कुणी ना कुणी मला विचारतंच, कारण मी ज्युनिअर कॉलेजला झूऑलॉजी शिकवते आणि लोकांचा समज असा की हिला मासे कळतात म्हणजे घ्यायचे कुठून तेही कळत असणार. तर एकदाच सविस्तर लिहिते. विजापूर रोडला, मेन रोड सोडून थोडं आत गेलं की एक पत्र्याचं शेड आहे, बोर्ड वगैरे काही नाही, सगळे मावशींचं दुकान म्हणूनच ओळखतात, मावशी आणि त्यांचा मुलगा असे दोघं मिळून चालवतात. सकाळी आठच्या सुमाराला माल लागतो, दुपारी एक-दीडला फरशी धुतलेली असते, संध्याकाळी बंद. सोमवार-गुरुवार माल कमी, श्रावणात तर फारच कमी. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढं येईलच.

बाकीच्या दुकानात आपण जातो तेव्हा समोर काय असतं, कटला, रोहू, एका कोपऱ्यात चिलापी आणि डीप फ्रीजमधे पांढरा बासा, बस. इथं फरशीवर कटला रोहू मृगळ तर असतातच, शिवाय चिलापीचा वेगळा ढीग, टबात पाणी घालून ठेवलेली जिवंत मरळ, वाम, शिंगटा, झिंगे, आणि बारीक मिक्स मासळी वाटे लावून ठेवलेली असते, आणि हे सगळं रोज सारखं नसतं, आज वाम आहे तर उद्या नाही, पाऊस झाला की एकदम वेगळंच काहीतरी येतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सवयीनं "कटला आहे का" असंच विचारलं तर मावशी म्हणाल्या, "बाई, काय पायजे ते मागनं सांगा, आधी बघा तर काय आलंय." तेव्हा मला ते जरा आगाऊपणाचं वाटलं होतं पण आता वाटतं की अख्ख्या मासेमारीच्या नियोजनातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यांनी एका वाक्यात सांगितली. पाण्यात जे आहे आणि जेवढं आहे त्याप्रमाणं आपण खायचं, का आपल्याला जे आवडतं तेच पाण्यातून ओरबाडून काढायचं, सगळा प्रश्न तिथंच येऊन थांबतो.

माल बहुतेक उजनीचा, पहाटे गाडीनं येतो, कधीमधी हिप्परग्याच्या तलावाचा. विचारलं की सरळ सांगतात कुठला आहे ते, हे मला फार आवडतं कारण दुसऱ्या एका दुकानात (नाव लिहीत नाही) मला गोड्या पाण्यातला मासा "आजच मुंबईहून आला" म्हणून दाखवला होता. इथं कल्ला उचलून दाखवतात, लाल आहे का काळपट पडलाय ते आपल्या डोळ्यांनी बघायचं, बोट दाबून बघायचं, आणि शिळा असेल तर मावशी स्वतःच म्हणतात हा नको, कालचा हाय, तळायला चालंल पण रश्श्याला नको.

आता चिलापीबद्दल बोलू, कारण सोलापूरकर चिलापीला नाक मुरडतात आणि मला त्याचा खरंच राग येतो. एकदा माझ्यासमोर मावशींनी एक मोठी चिलापी फाडली, पोटातून आतडं काढलं तर दोऱ्याच्या गुंडीसारखं गुंडाळलेलं, लांबच लांब, आणि ते जरा दाबलं तर आतून हिरवागार गाळ बाहेर आला. मावशी म्हणाल्या, "हे बघा, हे सगळं पुण्याचं येतंय." आणि ते अगदी खरं आहे. उजनी धरण भीमेवर, १९८० ला पूर्ण झालं, सगळी मिळून ११७ टीएमसी साठवण, त्यातलं सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे राज्यातल्या मोठ्या धरणांपैकी एक, आणि त्यात येणारं पाणी म्हणजे मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी बरोबर घेऊन येणाऱ्या नद्या. त्या सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस म्हणजे शेवाळाला खतच, उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं, वास येतो, जलपर्णी पसरते. आणि ते शेवाळ खाऊन गुबगुबीत कोण होतं तर चिलापी, म्हणजे तिलापिया, जी आपल्याकडची मुळात नाहीच, आफ्रिकेची, भारतात १९५२ मधे आणली. ती काहीही खाते, गढूळ पाण्यात आणि कमी ऑक्सिजनमधे टिकते, पिल्लं तोंडात सांभाळते आणि वर्षातनं अनेकदा वीण होते.

याउलट कटला रोहू मृगळ यांना वाहतं पाणी लागतं. पावसाळ्यात नदीला पूर आला की ते प्रवाहात वर चढून अंडी सोडतात, धरणाच्या साठलेल्या पाण्यात ते नीट होत नाही. म्हणून तर १९५७ ला ओडिशात हिरालाल चौधरींनी पिट्युटरीचं (मेंदूजवळच्या ग्रंथीचं) इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवली तेव्हा ती देशासाठी एवढी मोठी गोष्ट ठरली, त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन असतो. तेव्हापासून धरणात दरवर्षी मत्स्यबीज सोडायचं हा आपला शिरस्ता. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली की झालं मत्स्यव्यवस्थापन, असं समजूनच सगळं चालतं. पण ती बोटुकली सोडल्यावर तिचं काय होतं? एक तर ती मोठ्या माशाच्या पोटात जाते, ते ठीकच आहे, निसर्गच आहे, पण दुसरं म्हणजे वडापवाले (वडाप म्हणजे इथं जीप नाही, बारीक आसाचं जाळं) ती खरडून काढतात, वडापाच्या जाळ्यात बोटाएवढं पिल्लूसुद्धा सुटत नाही. म्हणजे एका हातानं सरकारी पैशानं सोडायचं आणि दुसऱ्या हातानं वर्षाच्या आत काढून टोपलीनं विकायचं. उजनीच्या काठावरचे पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं याच्याविरुद्ध बोलतायत कारण फटका त्यांनाच बसतो.

आणि इथं या दुकानाचा जो नियम आहे त्याला माझे दोन स्टार एकट्याला आहेत. एक किलोच्या आतला कटला-रोहू मावशी विकत घेतच नाहीत. गाडीवाला घेऊन आला तर परत पाठवतात, मी स्वतः बघितलंय, गाडीवाला भाव पाडून द्यायला लागला तरी नाही म्हणजे नाही. मी विचारलं कशाला एवढं, बाकी दुकानात तर सर्रास चालतं. तर म्हणाल्या, "अहो बाई, ते पोरगं हाय अजून. थांबलं तर दोन किलोचं हुतंय. आत्ता खाल्लं तर पुढच्या साली मी काय विकू?" हा हिशोब लहान मुलालाही कळेल, तरी तो पाळणारं दुकान मला सोलापुरात दुसरं सापडलं नाही.

पण मला जे सांगायचंय ते याच्या पुढचं आहे, कारण नुसता छोटा कटला सोडून दिला म्हणजे काम झालं असंही नाही. कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, हे आम्ही पोरांना परीक्षेसाठी पाठ करून घेतो. आता त्याच पाण्यात चिलापी आली की ती तिन्ही थरात हात मारते. तिला आवरणारं कोण, तर मरळ, शिंगटा, वाम असले शिकारी मासे, जे तिची पिल्लं खातात. आता बघा, मरळीला बाजारात सगळ्यात जास्त भाव, म्हणून मरळ सगळ्यात आधी संपते. मग चिलापीची पिल्लं वाढतात, मग कटल्याला खायला कमी पडतं, मग आपण म्हणतो कटल्याचं बीज अजून सोडा. एकेका माशाचा वेगळा हिशोब मांडला की असंच होणार, कारण पाण्यातला एकही मासा एकटा राहत नाही. कोण कुणाला खातं, कोण कुणाचा घास पळवतो, पाणी कधी किती आहे, हे सगळं एकत्र धरून ठरवायचं, त्यालाच इकोसिस्टिम धरून केलेलं मत्स्यव्यवस्थापन म्हणतात.

हिमाचलमधे भाक्रा धरणाच्या मागं गोविंदसागर जलाशय आहे, तिथलं उदाहरण मी वर्गात दरवर्षी सांगते. १९७१ मधे पुरात एका मत्स्यफार्मवरून चिनी सिल्व्हर कार्प चुकून जलाशयात गेला. पुढच्या काही वर्षांत तिथं सिल्व्हर कार्पच सिल्व्हर कार्प झाला आणि कटला मागं पडला, कारण दोघंही वरच्या थरात खाणारे. एकूण टनाचा आकडा बघितला तर सगळं छान, मासळी भरपूर. फक्त कुठली मासळी, हे बघितलं नाही तर कळणारच नाही की आत काय बदललं. उजनीतही तेच बघायला पाहिजे, किती टन निघाले एवढ्यावर थांबून चालणार नाही, त्यात किती जाती होत्या, केवढ्या होत्या, शिकारी किती, शाकाहारी किती, हे लिहून ठेवायला पाहिजे. मावशींचा मुलगा वहीत रोज लिहितो, कुठला मासा किती किलो आला, कुठल्या गावाकडून. तो धंद्यासाठी लिहितो, पण मी ती वही चाळली आणि मला वाटलं हेच तर शास्त्रज्ञांना पाहिजे असतं. अशा दहा दुकानांच्या वह्या एकत्र केल्या तर उजनीत काय चाललंय हे कळायला कितीतरी मदत होईल.

मांगूर इथं मिळत नाही. थाई मांगुरावर देशात २००० पासून बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादानंही साठे नष्ट करा म्हणून आदेश दिलेत, तरी शेततळ्यात लपून पाळतात आणि कापून तुकडे करून विकतात म्हणजे ओळखू येत नाही. तो मांसाहारी, हावरट, आणि शेततळं फुटलं किंवा पूर आला की नदीत जातो, तिथं गेल्यावर देशी माशांची पिल्लं शिल्लक ठेवत नाही. आणि आता तर अ‍ॅक्वेरियममधून सोडून दिलेला सकर मासाही उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात यायला लागलाय, अंगावर चिलखत असल्यासारखे खवले, खायला उपयोग नाही, जाळी फाडतो. लोकांना कळकळीनं सांगते, घरातला अ‍ॅक्वेरियम नको झाला तर मासे तलावात सोडू नका, कंबर तलावात नको, हिप्परग्यात नको, कुठंच नको. ती भूतदया नाही.

समुद्राची मासळी इथं आठवड्यातनं एक-दोनदा येते, बर्फात, कोकणाकडची. पापलेट, सुरमई, बांगडा, कधी बोंबील, आणि सुकट-जवळा तर बाराही महिने. इथं मुलानं एक गोष्ट केलीय ती बघून मी अक्षरशः खूश झाले, फळीवर त्यानं पट्टी मारून खुणा केल्यात, पापलेटची खूण १३५ मिलीमीटरवर. २०२३ मधे राज्य सरकारनं ५४ जातींच्या माशांचा कमीत कमी आकार ठरवून दिला, त्याच्या खालचा मासा पकडायचा नाही, विकायचा नाही, कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून हे ठरलं. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा म्हणूनही जाहीर केलं. पिल्लं पकडून पकडून पापलेट एवढा कमी झालाय की कोकणातले मच्छीमारच म्हणत होते काहीतरी करा. आणि १३५ म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर, म्हणजे काही फार मोठा मासा नाही हो, त्याच्यापेक्षा छोटा मासा खाण्यात तसाही काटा आणि कातडीशिवाय आहे काय. जून-जुलैत समुद्राची ताजी मासळी इथं येत नाही, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते आणि मावशी त्या काळात फ्रीजरचा माल ताजा म्हणून खपवत नाहीत, सरळ सांगतात ऑगस्टात या.

पण इथंही परत तोच मुद्दा, एकेका माशाची लांबी ठरवून समुद्र सांभाळता येतो का? आपल्याकडच्या समुद्रात एक जाळं ओढलं की त्यात पंधरा-वीस जाती सहज येतात, उत्तरेकडच्या थंड समुद्रासारखं नाही की आज फक्त कॉड धरायचा. जवळा धरायला बारीक आसाचं डोल जाळं लागतं, आणि त्याच जाळ्यात पापलेटची आणि बोंबलाची पिल्लं येतात. आणि बोंबील खातो काय? जवळाच खातो. म्हणजे आपल्या सोलापुरात भाकरीबरोबर जी सुकटीची चटणी असते ना, ती बोंबलाच्याही ताटातली आहे. मग जवळा किती काढायचा हे ठरवताना बोंबलाला किती ठेवायचा याचा विचार नको का? नॉर्वे आणि रशिया बॅरेंट्स समुद्रात हेच करतात, केपलिन नावाचा छोटा मासा किती पकडायचा हे ठरवताना कॉडला खायला किती लागेल ते आधी बाजूला काढतात. अंटार्क्टिकाच्या समुद्रात क्रिलसाठी (झिंग्यासारखा बारीक जीव) १९८२ पासून लागू असलेला करार आहे, त्यात व्हेल, सील, पेंग्विन यांच्या पोटाचा विचार करूनच मर्यादा घालतात. तिकडं पेंग्विनचा वाटा काढून ठेवतात, मग आपण बोंबलाचा, सुरमईचा, आणि भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर येणाऱ्या पाखरांचा का नाही ठेवायचा? रोहित (फ्लेमिंगो) बघायला आपण गाड्या भरभरून जातो, बोटीतनं फोटो काढतो. तिथं येणारे पाणकावळे, बगळे, कुरव काय खाऊन राहतात? तीच बारीक मासळी जी वडापात जाते.

अजून एक गोष्ट, आणि ही मी मावशींशी बोलता बोलता मलाच जास्त स्पष्ट झाली, की मासे सांभाळायचे तर नुसतं जाळ्याकडं बघून भागत नाही. केरळात तारली माशाचं (सार्डिनचं) काय झालं बघा, २०१२ ला साधारण ४ लाख टन मिळाली होती, २०२१ ला साडेतीन हजार टनाच्याही आत. त्यात पिल्लं पकडण्याचा वाटा होताच, पण समुद्राच्या तापमानाचा, एल निनोचाही होता. म्हणजे नियम पाण्याची अवस्था बघून बदलावे लागतात, वाईट वर्षात कमी, चांगल्या वर्षात जास्त. उजनीत तर हे अजूनच उघड आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण वजा ५० टक्क्यांच्याही खाली, म्हणजे मृतसाठ्यात, गेलं होतं, सगळ्यांनी ते फोटो बघितलेत, आणि त्याच वर्षी ऑगस्टात भरलं. पाणी एवढं खाली गेलं की सगळे मासे थोड्याशा डबक्यात गोळा होतात, तेव्हा जाळं टाकलं की काहीही निघतं, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यात जास्त उपसा होतो. त्या महिन्यात मासेमारी आवरली, खोल डोह राखीव ठेवले, तर पुढच्या पावसाला बीज आपोआप शिल्लक राहतं. पण पाणी कधी सोडायचं हे जलसंपदा ठरवणार, ऊस आणि आपल्या सोलापूरच्या नळाचं पाणी बघून. बीज किती सोडायचं हे मत्स्यव्यवसाय खातं ठरवणार. सांडपाणी वरच्या महापालिकांच्या हातात. आणि जाळं मच्छीमाराच्या हातात. चौघं एका टेबलावर बसल्याशिवाय मासा वाचत नाही.

हे जमतच नाही असं नाही. ओडिशात चिलिका सरोवराचं समुद्राकडचं तोंड गाळानं बुजत चाललं होतं, पाणी गोडं व्हायला लागलं, गवत माजलं, मासे कोळंबी खेकडे सगळं घटलं. २००० च्या सप्टेंबरात त्यांनी नवीन तोंड खोदून उघडलं, खारं पाणी परत आत यायला लागलं, आणि मासळी काही वर्षांतच कित्येक पटीनं वाढली, पक्षी, डॉल्फिन, सगळ्यांनाच फायदा. एकाही जातीचं बीज सोडून हे झालं नसतं. उजनीसाठी माझ्या मते त्या खोदकामाच्या जागी पुण्याचं सांडपाणी शुद्ध करून सोडणं आहे, त्याच्याशिवाय बाकी सगळं अर्धवट.

बरं, दुकानाकडं परत येते. तक्रारी आहेत. पार्किंग नाही, रविवारी गाडी लावायला जागा नसते आणि मागच्या गल्लीतले लोक ओरडतात, त्यांचं बरोबर आहे. काळ्या पातळ पिशव्यांत मासळी देतात, डबा घेऊन गेलात तर कौतुकानं डब्यात देतात पण स्वतःहून सांगत नाहीत. साफ करायचे पैसे वेगळे, ते ठीक, पण मरळीचे जास्त घेतात आणि आधी सांगत नाहीत. आणि अर्धा स्टार मी ज्याच्यासाठी कापला ते म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला गाभोळीवाले मासे इथंही विकले जातात. मी बोलले. मावशी म्हणाल्या, "लोकं गाभोळीच मागलालेत, मी न्हाय दिली तर पलीकडं जातेत." त्यांचं पोट त्याच्यावर आहे हे मला कळतं, पण जून ते ऑगस्ट अंड्यावरचा मासा सोडला तर त्यांचाच माल वाढेल, एक किलोचा नियम ज्यांनी एकटीनं पाळून दाखवला त्यांना हेही जमेल असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी आपण गिऱ्हाईकांनी गाभोळी मागायची बंद केली पाहिजे, त्या बिचाऱ्या एकट्या किती जणांना नाही म्हणणार.

भाव म्हणाल तर कटला-रोहू बाजारभावानं, चिलापी त्याच्या निम्म्याच्या आसपास, मरळ महाग आणि राहणारच. बारीक मिक्स मासळीचा वाटा सगळ्यात स्वस्त आणि चवीला सगळ्यात भारी, पण ती घेताना बघून घ्या, त्यात कटल्या-रोहूची पिल्लं नसावीत. मावशी निवडून काढतात, तरी आपणही बघावं. मोठं तोंड, मोठं डोकं आणि अंग रुंद दिसलं की कटल्याचं पिल्लू समजा.

खायचं कसं तेही सांगते. चिलापीला शेवाळाचा वास येतो म्हणून लोक टाळतात, तर ती मीठ हळद आणि चिंचेचं पाणी लावून अर्धा तास ठेवायची, मग धुवून काळा मसाला, लसूण, थोडं ज्वारीचं पीठ लावून तव्यावर कडक भाजायची, वास राहत नाही. मृगळाला काटे फार, तो शेंगदाण्याच्या कुटाच्या घट्ट रश्श्यात उकळू द्यायचा निवांत, कडक भाकरी चुरून खायची. वामीला कांदा-खोबरं भाजून. आमच्या घरी सासूबाई कटल्याशिवाय दुसरं खायच्या नाहीत, आता वाम आहे का म्हणून फोन करायला लावतात.

जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: रविवारी दहाच्या आत जा, नंतर वाम-शिंगटा संपलेला असतो आणि कटलाच उरतो. बुधवारी आणि शुक्रवारी गर्दी कमी, निवडायला वेळ मिळतो आणि मावशी बोलतातही मोकळ्या. यूपीआय चालतं, नेटवर्क कधी कधी जातं, म्हणून सुटे पैसे असू द्या. डबा घरून न्या. मरळ पाहिजे असेल तर आदल्या दिवशी मुलाला सांगून ठेवा, आली तरच ठेवतो, आणि नाही आली तर फोन करून तसं कळवतो.